दवाखान्याचे दप्तर आणि दुसरी वाट

मृगाच्या पहिल्या सरीबरोबर गोव्यात विजेचा लपंडाव सुरू होतो, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. घरातला दिवा गेला तर समई लावून वेळ निभावून नेता येते. परंतु ज्या पेटीत हजारो रुग्णांच्या प्रकृतीचा इतिहास साठविलेला असतो, ती पेटीच वीज कडाडल्याबरोबर कायमची मुकी झाली तर कोणती समई लावावयाची, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. वरवर पाहता तो यंत्रज्ञांचा प्रश्न वाटेल. किंबहुना तो तसा वाटतो म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

आमच्या परिचयाचे एक डॉक्टर दांपत्य तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचे इस्पितळ चालविते. माणसे सेवाभावी, हाताला गुण असलेली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी केसपेपरांची कपाटे काढून टाकली आणि सारे दप्तर संगणकावर घेतले. नोंदणीच्या टेबलाखाली एक साधा संगणक रात्रंदिवस चालू असे. तोच त्यांचा सर्व्हर. आषाढातल्या एका रात्री वीज कोसळली आणि सकाळी तो संगणक उठलाच नाही. बॅकअप आहे, अशी घरातल्या प्रत्येकाची समजूत होती. खणातून पेनड्राइव्ह निघाला. त्यावरील शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची होती. प्रत काढण्याचे काम करणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावयाचे राहून गेले, एवढेच काय ते कारण!

त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही, हे खरे. परंतु एका वृद्ध बाईंना कोणत्या इंजेक्शनाने अंगभर पित्त उठून श्वास कोंडला होता, ही नोंद त्या चौदा महिन्यांतली होती. बाईंना औषधाचे नाव सांगता येत नव्हते. मुलगा बोटीवर नोकरीला. डॉक्टरांना प्रसंग आठवत होता, औषध आठवत नव्हते. त्यांनी सावधगिरीने उपचार केले आणि सुदैवाने सारे निभावले. परंतु वैद्यकशास्त्राने सुदैवावर विसंबून चालावे काय?

नोंद हा उपचाराचाच भाग

रुग्णाची नोंद म्हणजे हिशेबाची वही नव्हे. नाडी, रक्तदाब, पूर्वीचे आजार, न मानवणारी औषधे, क्ष-किरणांच्या छायाचित्रांतले बारकावे या सर्वांवर पुढचा उपचार उभा असतो. कायद्यानेही हे ओळखले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालील सोनोग्राफीच्या नोंदी किमान २ वर्षे ठेवाव्या लागतात. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर तपासनिसापुढे किंवा ग्राहक न्यायालयापुढे कितपत टिकेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्यात आता नव्या कायद्याची भर पडली आहे. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमांतील मुख्य कर्तव्ये लागू होण्यास प्रसिद्धीपासून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी खबरदारी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. आणि ही खबरदारी कोणती हे सांगताना नियमांनी बॅकअपचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पंधरा खाटांच्या इस्पितळाला कोणी कोटींचा दंड ठोकील असे आम्हांस वाटत नाही. परंतु ‘आम्ही लहान आहोत’ ही सबब यापुढे चालणार नाही, एवढे निश्चित.

खरेदीपूर्वीचे दोन प्रश्न

सर्व्हर घ्यावयाचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘केवढ्याला पडेल?’ हा असतो. विक्रेता येतो, रंगीत पत्रके पसरतो, आणि डॉक्टर दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या दहा मिनिटांत सही करून मोकळे होतात. आमच्या मते किमतीचा प्रश्न तिसरा आहे. त्याआधीचे दोन प्रश्न डॉक्टरांनी स्वतःलाच विचारावयाचे आहेत.

पहिला प्रश्न असा : अपघात झालाच तर किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी चालतील? एका दिवसाच्या नोंदी कागदांवरून आणि आठवणीवरून पुन्हा भरता येत असतील, तर रोज रात्री एक प्रत काढणे पुरे. दिवसभरात शंभर रुग्ण येत असतील आणि प्रयोगशाळेचे आकडे थेट संगणकात उतरत असतील, तर दर तासाला प्रत काढणे भाग आहे. दुसरा प्रश्न : बंद पडलेले काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे? बाह्यरुग्ण विभागापुरता दवाखाना एक दिवस कागदावर चालेल. प्रसूतिगृह आणि अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी चार तासही फार होतील. या दोन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढली की अर्धी निवड आपोआप होते; आणि तो कागद हाती असला की विक्रेत्याच्या वाक्चातुर्याला आळा बसतो.

याच कागदावर थोडे अंकगणितही मांडावे. अक्षरांची आणि आकड्यांची नोंद फारच थोडी जागा घेते. लहान इस्पितळाच्या अनेक वर्षांच्या अशा नोंदी काही गिगाबाइटांत मावतात. जागा खातात ती छायाचित्रे. समजा, रोज ३० रुग्णांची प्रत्येकी दोन क्ष-किरण छायाचित्रे निघतात आणि एकेक छायाचित्र सुमारे १५ मेगाबाइटांचे आहे. म्हणजे दिवसाला ९०० मेगाबाइट, ३०० दिवसांच्या वर्षाला २७० गिगाबाइट आणि पाच वर्षांत जवळजवळ १.३५ टेराबाइट. हा हिशेब केलेला डॉक्टर दहापट मोठे यंत्र घेऊन पैसा वाया घालवीत नाही, आणि दोन वर्षांत अपुरे पडणारे यंत्र घेऊन पस्तावतही नाही.

सर्व्हर आपल्या छपराखाली की परक्या?

आज लहान इस्पितळापुढे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, साध्या संगणकालाच सर्व्हर मानणे. हा मार्ग स्वस्त खरा. परंतु घरगुती वापराचा संगणक चोवीस तास चालण्यासाठी घडविलेला नसतो. त्याच्या स्मृतीतील एखादा आकडा बिघडला तर तो ओळखून दुरुस्त करण्याची सोय त्यात सहसा नसते, आणि एकुलती एक डिस्क गेली की सारेच गेले. दुसरा मार्ग, खास या कामासाठी बांधलेला लहान उभा सर्व्हर. त्यात चूक दुरुस्त करणारी स्मृती असते आणि दोन डिस्का आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे एकच मजकूर साठवितात, त्यामुळे एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहते. तिसरा मार्ग, क्लाउड. म्हणजे आपले दप्तर दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवून इंटरनेटच्या साहाय्याने वापरणे.

क्लाउडचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. यंत्राची देखभाल, डिस्क बदलणे, थंड खोली यांची चिंता राहत नाही. ज्या दवाखान्यात एकच डॉक्टर आणि दोन मदतनीस आहेत, तिथे हाच मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो. परंतु गोव्यात राहून इंटरनेटच्या एका तारेवर इस्पितळ टांगणे धाडसाचे आहे. रस्ते खणण्याचा आपला अखंड यज्ञ चालूच असतो, आणि खणणाऱ्याच्या फावड्याला तार आणि मूळ यांतला भेद कळत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडे आणि खांब आडवे केले, तेव्हा राज्याच्या मोठ्या भागाची वीज गेली होती, हे वाचक विसरले नसतील. अशा वेळी दूरचा सर्व्हर सुखरूप असतो, पण आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

म्हणून खाटा असलेल्या इस्पितळासाठी आमचा कौल मिश्र मार्गाला आहे. रोजचे काम छपराखालच्या सर्व्हरवर व्हावे आणि त्याची प्रत रोज रात्री बाहेर जावी. वरच्या हिशेबातले ९०० मेगाबाइट सेकंदाला २० मेगाबिट वेगाच्या साध्या जोडणीवरूनही सहा-सात मिनिटांत बाहेर जातात. मात्र उलट प्रवासाचा हिशेब विसरू नये. पाच वर्षांची १.३५ टेराबाइट छायाचित्रे १०० मेगाबिटांच्या जोडणीवरून परत आणावयाची तर अखंड ३० तास लागतील. तेवढा वेळ थांबता येणार नसेल, तर जवळ एक प्रत हवीच.

सर्व्हर कोणता, याइतकाच तो कुठे ठेवावयाचा हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आपल्याकडची हवा खारट आणि दमट. यंत्राच्या पोटातल्या पट्ट्यांना ती हळूहळू खाते. जुन्या घरांतून थाटलेल्या इस्पितळांत सर्व्हरला जागा मिळते ती जिन्याखाली, न्हाणीघराच्या भिंतीला लागून किंवा वातानुकूलन यंत्र ठिबकते त्याच कोपऱ्यात. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा या तालुक्यांत घराघरांत पाणी शिरले. जमिनीवर ठेवलेले यंत्र अशा वेळी पहिल्या वीतभर पाण्यातच बुडते. सर्व्हर कुलूपबंद, हवेशीर खोलीत, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर असावा. अर्थिंग तपासून घ्यावे. यूपीएस असा असावा की वीज फार वेळ न आल्यास तो सर्व्हरला रीतसर झोपवील. आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी मरते, ती मरण्याआधी बदलावी. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हा समज चुकीचा आहे. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर जागा होईपर्यंतचा क्षणही सर्व्हरला पाडण्यास पुरेसा ठरू शकतो.

बॅकअप म्हणजे काय नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. दोन डिस्कांचे प्रतिबिंब म्हणजे बॅकअप नव्हे. नोंदणीच्या कारकुनाने चुकून एखाद्या रुग्णाची फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. आरसा चुकांचेही प्रतिबिंब दाखवितो! तीच गोष्ट आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउड फोल्डरांची. इकडे बिघडले की तिकडेही बिघडते. त्याच टेबलावर सतत जोडून ठेवलेली जादा डिस्क हाही बॅकअप नव्हे. वीज, चोर, पाणी आणि विषाणू हे चौघेही दोघांना एकदमच गाठतात.

आणखी एक खाच आहे. चालू असलेल्या नोंदींच्या फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवल्या, तर ती प्रत अर्धवट असू शकते. लिहिता लिहिता वहीचे पान फाडून घेण्यासारखाच तो प्रकार. सॉफ्टवेअरने दिलेल्या रीतसर मार्गानेच प्रत काढली पाहिजे, आणि हा मार्ग कोणता हे विक्रेत्याकडून लेखी घेतले पाहिजे.

मग बॅकअप कशाला म्हणावे? पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सूत्ररूप नियम आज जगभर मानला जातो : मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक तरी वेगळ्या ठिकाणी असावी. पंधरा खाटांच्या इस्पितळाला हा नियम असा लावता येईल. मूळ दप्तर सर्व्हरवर. त्याची प्रत रोज रात्री दुसऱ्या खोलीतील साठवण-यंत्रावर, आणि तीही नुसती कालची नव्हे. गेल्या महिन्याभरातील रोजची आणि गेल्या वर्षभरातील महिन्याची, अशा पायऱ्यांनी राखलेली. कारण बिघाड पुष्कळदा पंधरा दिवसांनी लक्षात येतो, आणि तोवर कालची प्रतही बिघडलेलीच असते. तिसरी प्रत क्लाउडवर, बाहेर जाण्यापूर्वी सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेली आणि ठराविक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी मालकालाही, पुसता येणार नाही अशा सोयीची. याखेरीज दोन सुट्या डिस्का आलटून पालटून दर शनिवारी जोडाव्यात आणि प्रत झाली की काढून घ्याव्यात. एक इस्पितळाच्या तिजोरीत, एक डॉक्टरांच्या घरी. जी डिस्क तारेने कशालाच जोडलेली नाही, तिच्यापर्यंत कोणताही चोर तारेवरून येऊ शकत नाही.

कुलपाची किल्ली म्हणजे पासवर्ड एका लखोट्यात बंद करून बँकेच्या लॉकरात ठेवावा. किल्ली हरवलेली प्रत आणि नसलेली प्रत यांत काहीही अंतर नाही. तसेच रोजच्या कामाचा पासवर्ड आणि बॅकअपचा पासवर्ड एक असता कामा नये. एकाच किल्लीने घर, तिजोरी आणि कोठार उघडत असेल, तर चोराला एकच किल्ली पुरते.

जगाने मोजलेली किंमत

हे सारे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत आहोत, असे कोणास वाटू नये. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी ब्रुकसाइड नावाचा कान-नाक-घशाचा दोन डॉक्टरांचा दवाखाना होता. २०१९ साली खंडणीखोर विषाणूने त्यांच्या नोंदींना कुलूप घातले आणि ६,५०० डॉलर मागितले. डॉक्टरांनी खंडणी नाकारली. नोंदी पुसल्या गेल्या, रुग्णांच्या भेटींची यादीही उरली नाही, आणि दोघांनी दवाखाना बंद करून मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील वुड रँच हा लहान दवाखाना असाच सापडला. तिथे बॅकअप होता. पण तोही सर्व्हरबरोबरच कुलूपबंद झाला. डिसेंबरात तो दवाखाना कायमचा मिटला. पहिल्या कथेत बोध साधा आहे. दुसऱ्या कथेचा बोध अधिक महत्त्वाचा : जोडून ठेवलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट मजकूर कुलूपबंद झाला आणि जवळजवळ दोन आठवडे देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला हाताने चिठ्ठ्या लिहून काम चालवावे लागले. तरीही रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या. कशाने? हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. संसदेत सरकारनेच तसे उत्तर दिले. एवढ्या मोठ्या संस्थेची लाज राखली ती एका वेगळ्या ठेवलेल्या प्रतीने!

क्लाउडवाल्यांच्या घरीही चुली मातीच्याच असतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीचे सर्व्हरगृह जळून खाक झाले. ज्या ग्राहकांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी अनेकांचे दप्तर कायमचे गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचे ८५८ टेराबाइट दप्तर नष्ट झाले; आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. जगाला यंत्रे पुरविणाऱ्या देशाची ही कथा. तेव्हा क्लाउडवर ठेवले म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असे कोणी मानू नये. करारात विचारावे : प्रत कोणत्या शहरात आहे, दुसरी कुठे आहे, ती भारताच्या हद्दीत आहे काय, आणि उद्या तुमची कंपनी सोडावयाची झाल्यास आमचे दप्तर कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत द्याल?

परीक्षेवाचून प्रमाणपत्र नको

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब नावाच्या एका संगणक कंपनीत थकलेल्या कर्मचाऱ्याकडून चालू दप्तरच पुसले गेले. कंपनीकडे बॅकअपचे एक नव्हे, पाच मार्ग होते. प्रत्यक्षात पाचही कुचकामी किंवा नीट न बसविलेले निघाले. योगायोगाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले. जे रात्रंदिवस संगणकावरच जगतात त्यांची ही गत, तर नाडी पाहणाऱ्यांची काय कथा!

म्हणून आमचा आग्रह आहे की दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवून बॅकअपची परीक्षा घ्यावी. जुना संगणक घ्यावा, त्यावर प्रत उतरवावी, आणि कोणत्याही पाच रुग्णांची नावे काढून त्यांच्या नोंदी, तपासण्या, छायाचित्रे दिसतात काय ते डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. ‘बॅकअप यशस्वी’ असा पडद्यावर आलेला संदेश म्हणजे शाळेने स्वतःच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र. तो पुरावा नव्हे.

सर्व्हर पडलेल्या काळात काम कसे चालवावयाचे, याचीही तालीम हवी. रोज सकाळी दाखल रुग्णांची यादी, त्यांची औषधे आणि न मानवणारी औषधे एका कागदावर छापून परिचारिकेच्या टेबलावर ठेवावीत. कोरे केसपेपर कपाटात असावेत. कागद हा मागासलेपणाचा अवशेष नव्हे. संकटकाळातला तो सर्वांत विश्वासू सेवक आहे.

आणि हे सारे करणार कोण? येथेच आमच्या परिचयाच्या दांपत्याची चूक झाली होती. काम एका माणसाच्या अंगवळणी पडले होते, पण संस्थेच्या अंगवळणी पडले नव्हते. बॅकअपची जबाबदारी एका नावावर आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या नावावर लिहिलेली असावी. भिंतीवर एक तक्ता असावा. रोजची प्रत झाली की त्यावर सही व्हावी. चतुर्थीच्या सुट्टीत अर्धा कर्मचारीवर्ग गावी जातो, तेव्हा तर तो तक्ता डॉक्टरांनी स्वतः पाहावा. संगणकांवरील सुधारणा वेळच्या वेळी उतरवून घेणे हाही याच कामाचा भाग आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील ८० हून अधिक रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत केले. त्यावरचा उतारा दोन महिने आधीच उपलब्ध होता. तो लावण्याचे राहून गेले होते. ज्या क्ष-किरण यंत्राबरोबर जुनाट संगणक येतो आणि ज्याला सुधारणा मिळत नाहीत, तो निदान इंटरनेटपासून तोडून ठेवावा.

खर्चाचा प्रश्न उरतो. तो खोटा नाही. लहान इस्पितळांवर औषधांच्या उधाऱ्या आणि विमा कंपन्यांकडे थकलेली बिले यांचा बोजा आहे, हे आम्ही जाणतो. तथापि सोनोग्राफीच्या एका यंत्राला लागणाऱ्या पैशांचा लहानसा हिस्साही या व्यवस्थेस पुरतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर विनामूल्य मार्गही आहेत. छत्तीसगढमधील गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयात आकाराला आलेली ‘बाह्मणी’ ही मुक्त प्रणाली आज अनेक देशांत चालते. पण मुक्त म्हणजे फुकटात सांभाळली जाणारी नव्हे. तिला जाणता माणूस लागतो. येथे एकेकट्या दवाखान्याची शक्ती अपुरी पडेल. म्हणून डॉक्टरांच्या संघटनांनी तालुक्यागणिक पाच-सात इस्पितळांसाठी मिळून एक जाणकार तंत्रज्ञ नेमण्याचा विचार करावा, आणि राज्य शासनाने लहान इस्पितळांच्या कुलूपबंद प्रतींसाठी सुरक्षित साठवणीची सोय करता येईल काय, हे तपासावे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना याहून चांगले काम कोणते द्यावयाचे?

शेवटी एका जुन्या प्रथेचे स्मरण द्यावेसे वाटते. गोव्याचे दप्तरखाते १५९५ साली स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु द कौतु त्याचे पहिले रक्षक होते. त्या काळी मान्सूनच्या वाऱ्यांवर गोवा आणि लिस्बन यांच्यात जहाजे ये-जा करीत. समुद्राचा भरवसा नव्हता. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या एकाहून अधिक प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांतून पाठवीत, आणि पत्रावर पहिली ‘व्हिया’, दुसरी ‘व्हिया’ असे लिहीत. व्हिया म्हणजे वाट. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचेल, एवढाच त्यातला विचार. कोणत्याही दस्तऐवजाच्या दुसऱ्या प्रतीला पोर्तुगीज भाषेत आजही ‘सेगुंदा व्हिया’, म्हणजे दुसरी वाट, म्हणतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हा शब्द परिचित आहे.

चारशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजांना जे कळत होते, ते आमच्या विजेवरच्या दवाखान्यांना कळू नये, हे शोभत नाही. त्या दांपत्याने आता सर्व्हर कंबरेइतक्या उंच फळीवर चढविला आहे, भिंतीवर तक्ता लावला आहे, आणि दर शनिवारी डॉक्टरीणबाई स्वतः एक डिस्क पिशवीत घालून घरी नेतात. त्या वृद्ध बाईंच्या केसपेपरावर सर्वांत वर, तांबड्या अक्षरांत, ‘औषध अज्ञात, सावध’ असे लिहिलेले आहे. इतर दवाखान्यांच्या दप्तरात असा ‘अज्ञात’ लिहिण्याची पाळी येऊ नये, यासाठी पुढच्या पावसाची वाट पाहू नये. आज संध्याकाळीच खण उघडून त्या पेनड्राइव्हवरची शेवटची तारीख पाहावी.